पंचावन्न किलोच्या आत

जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं तेव्हा आमच्या गावच्या क्रीडा मंडळाने पेढे वाटले. बाकी लोकांना काळजी होती की कोणती कचेरी कुठे जाईल, कोणाची बदली कुठे होईल, सातबारा आता कोणत्या टेबलावर सापडेल. आमच्या मंडळाला एकच गोष्ट दिसली. किशोर गटाच्या कबड्डीत दरवर्षी आम्हाला धूळ चारणारे तिन्ही संघ गोंदियाच्या बाजूचे होते, आणि ते आता परक्या जिल्ह्यातले झाले होते. म्हणजे सरकारने एका कागदावर सही केली आणि आम्ही एकही चढाई न करता जिल्ह्यातल्या पहिल्या चारांत जाऊन बसलो. त्या संध्याकाळी अध्यक्षांनी भाषण केलं की इतक्या वर्षांच्या मेहनतीला आज फळ आलं. मी टाळ्या वाजवल्या. दोन पेढे तिथे खाल्ले आणि एक रुमालात बांधून घरी आणला.

त्यानंतरच्या दुसऱ्या हंगामाची ही गोष्ट. घरातली आताची पोरं मला विचारतात, तुम्ही कबड्डीत होते म्हणे. होतो, पण त्यांना वाटतं तसा नाही. शाळेत एकदा मास्तरांनी मला संघात उभं केलं होतं. समोरचा पोरगा चढाईला आला आणि मी बाजूला सरून त्याला वाट दिली. त्यानंतर मास्तरांनी मला गुण लिहायच्या फळ्यापाशी बसवलं. आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या हातमाग, आणि बाजारात लुगडी, पंचे, चादरींचं दुकान. आम्ही बसून करायच्या कामाची माणसं. पण संघाच्या मॅनेजरला जे लागतं ते सगळं माझ्याकडे होतं: दुपारी ओस पडणारं दुकान, बरं अक्षर, स्वतःची सायकल, आणि अध्यक्षांना कधीही नाही न म्हणण्याची सवय. त्यात माझा भाचा संघात. मंडळाला वाटलं, घरचाच माणूस आहे, पोरांवर लक्ष ठेवेल.

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण आसगावला दिलेली, घरी धानाची शेती. मुलगा नववी-दहावीसाठी माझ्याकडे राहायला आला होता. आल्यापासून वह्यांना हात कमी आणि मैदानाच्या मातीला जास्त. आदल्या वर्षी त्याला राखीव म्हणून पूर्ण हंगाम बाकावर बसवलं होतं. या वर्षी तो संघाचा मुख्य चढाईवीर होता, आणि हंगाम संपता संपता त्याला सोळा पूर्ण होणार होती. किशोर गटाचे नियम दोनच: वय सोळाच्या आत आणि वजन पंचावन्न किलोच्या आत. अंतिम सामन्यानंतर जिल्ह्याच्या संघासाठी बारा जण निवडायचे आणि ते राज्याच्या स्पर्धेला जाणार. भाच्याला त्या बारांत जायचं होतं. दुसरं काही नको होतं. दहावी नको होती हे तर उघडच होतं. या वर्षी राहिलं तर वरचा गट सत्तर किलोवाल्यांचा. तिथे हा पोरगा म्हणजे त्यांच्या मांडीएवढा. म्हणजे जायचं तर याच वर्षी. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि माझ्या बायकोला आम्हा दोघांपेक्षा जास्त ठाऊक होतं, कारण त्याचं बनियान तीच धुवायची आणि तो रोज विचारायचा, मामी, जिल्ह्याचं बनियान कोणत्या रंगाचं असते.

वजन मोजायचं तर काटा हवा. मंडळाकडे बॅनर होतं, रबरी शिक्का होता, शिट्ट्या दोन होत्या, काटा नव्हता. अध्यक्ष धानाचे व्यापारी. ते म्हणाले, "माह्या गोदामातला काटा काय कामाचा मंग? तो धान मोजते, पोट्टे नाही मोजणार का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान सगळ्यांत आधी डोलली असावी.

आता त्यांच्या गोदामात काटे दोन होते. पुढच्या बाजूला लहान काटा, तो तांदूळ विकायचा. मागे लोखंडी पाटाचा मोठा काटा, तो शेतकऱ्यांकडून धान घ्यायचा. पोरं मोठ्या काट्यावर मावायची म्हणून आम्हाला मोठा मिळाला. या दोन काट्यांतला फरक आमच्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याने झोपेत सांगितला असता. माझी बहीण तर जागेपणी, दर दिवाळीला, ओवाळून झालं की सांगायची: घरून मोजून नेलेलं पोतं तिथं गेलं का दोन किलोनं हलकं भरते. मी तिला समजावायचो की वाटेत सांडत असेल, गाडीच्या फळ्या तपासा, पोत्याची शिवण पहा. चार बुकं शिकलेल्या भावाने द्यावा तसा सल्ला. आणि त्याच काट्यावर दर शनिवारी मी बारा पोरं एकामागून एक चढवायचो, आणि पोरं हलकी भरायची, तेव्हा मला पोत्याची आठवण एकदाही झाली नाही. उलट मला वाटायचं, माझ्या देखरेखीखाली पोरं कशी चवळीच्या शेंगेसारखी राहिली आहेत.

भाचा दर शनिवारी काट्यावरून उतरताना विचारायचा, "मामा, आत आहो ना?"

मी वही पाहून सांगायचो, "दोन किलो हातचे आहेत. बिनधास्त खाय."

हे वाक्य मी हंगामात किती वेळा बोललो असेन, आता आठवायची इच्छा नाही.

दर सामन्याला मॅनेजरने एक चिठ्ठी जोडायची असायची: वरील खेळाडूंचे वजन मोजले असून ते नियमात आहे. खाली सही आणि शिक्का. दुसऱ्या संघाचा मॅनेजर तशीच चिठ्ठी द्यायचा. दोन्ही चिठ्ठ्या पंच न वाचता खिशात घालायचे. मला त्या सहीचा फार अभिमान. दुकानात पावतीवर मी नुसता फराटा ओढायचो, पण या चिठ्ठीवर पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि खाली दोन ठिपके.

हंगाम कसा चालला हे ज्याने पाहिलं नाही त्याला खरं वाटणार नाही. सामना दहाचा असला तर प्रमुख पाहुणे बारा वाजता यायचे. आले की नारळ, हार, मग भाषण. प्रत्येक पाहुण्याने लहानपणी कबड्डी खेळलेली असायची आणि प्रत्येकाच्या लहानपणी दूध चांगलं मिळायचं. त्यानंतर पाहुण्याने उद्घाटनाची चढाई करायची, हा आमच्याकडचा रिवाज. पाहुणा बुटांसकट मैदानात उतरायचा, कबड्डी कबड्डी असं दोनदा म्हणून तिसऱ्याला धापा टाकायचा, आणि आमच्या सातही पोरांनी त्याचा हात लागल्यासारखं करून बाद व्हायचं. एका गावी पाहुण्याला इतका जोर आला की त्याने परत फिरून दुसरी चढाई केली. फळ्यावर त्याचेही गुण लिहिले गेले असते, पण फळ्यापाशी सुदैवाने मी नव्हतो.

आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता यावं. लेकी, जावई, सोयरे सगळे येतात, दिवसभर बाजार, रात्री नाटक. साखळी सामने मंडळांनी मंडईच्याच दिवशी ठेवले, कारण गर्दी आयती मिळते. आणि जिथे सामना तिथे आमचा कोणी ना कोणी सोयरा. सामना जिंकून आलेल्या भाच्याला जेवल्याशिवाय कोण सोडणार? वडे, कोंबडी, तलावातली मासोळी, आणि नव्या धानाचा भात, ज्याला कोणी नाही म्हणत नाही. अड्याळला त्याने एका दुपारी तीन घरी जेवण केलं. एका घरी नाही म्हटलं असतं तर पुढच्या मंडईपर्यंत आम्हाला ऐकावं लागलं असतं. मी प्रत्येक ताटापाशी बसून सोयऱ्यांना सांगायचो, वाढा, वाढा, दोन किलो हातचे आहेत. अर्थात मी स्वतःही तिन्ही घरी जेवलो. मॅनेजर होतो.

एकदा बायको कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अवो, या पोट्ट्याची चड्डी पाह्यली का? दिवाळीत कमरेवरून सरकत होती. आता वळ उमटून राहिले."

मी तिला वही दाखवली. त्रेपन्न किलो, माझ्याच सुवाच्य अक्षरात.

"वही कायले दाखवता मले," ती म्हणाली. "मी पोट्ट्याले पाहून राहिली."

मी तिला सांगितलं की खेळाडूचा स्नायू भरतो, चरबी वेगळी आणि स्नायू वेगळा, तुला त्यातलं कळणार नाही. हे मी कुठे ऐकलं होतं देव जाणे. तिने चड्डी पिळली तेवढी जोरात पिळली.

असे जिंकत जिंकत आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो. भाचा खरंच चांगला खेळत होता, हे मात्र माझ्या तिरसट तोंडानेही कबूल करतो. चढाईला गेला की डाव्या पायाने बोनस रेषेला चाटून यायचा, आणि पकड करणारा पोरगा त्याच्या उजव्या पायाकडे पाहत बसायचा. अध्यक्षांनी दोन भाषणांत त्याचा उल्लेख केला, दोन्ही वेळा नाव चुकवून.

अंतिम सामना कारध्याला, वैनगंगेच्या अलीकडे, शाळेच्या मैदानावर. समोर अड्याळचा संघ. सामना तीनला, वजन सकाळी दहाला. या वेळी पंच बाहेरच्या जिल्ह्यातून आले होते. किडकिडीत माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांनी आमच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि पिशवीतून दवाखान्यात असतं तसं चपटं वजनयंत्र काढून शाळेच्या ओट्यावर ठेवलं. म्हणाले, एकेकाने या.

आमचा पहिला पोरगा चढला. छप्पन. दुसरा पंचावन्नच्या आत. तिसरा सत्तावनला टेकलेला. बारांतले पाच बाद, अड्याळचे चार. भाचा चढला तेव्हा यंत्राचा काटा थरथरला आणि छप्पन किलो चारशेवर थांबला. भाच्याने खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

मी पुढे होऊन पंचांना म्हणालो की तुमच्या यंत्रात काही गडबड दिसते. ते म्हणाले, तुम्हीच चढून पहा. मी चपला काढल्या आणि चढलो. गोदामात मी गंमत म्हणून कितीदा तरी मोजून घेतलं होतं. हंगामभर मी स्वतःला अडुसष्ट किलोचा माणूस समजत होतो, आणि मंडईतल्या तीन-तीन जेवणांनंतरही अडुसष्टच राहतो याचं घरी कौतुक सांगत होतो. यंत्राने सत्तरच्या पुढचा आकडा दाखवला. तिथे, त्या ओट्यावर, अनवाणी उभा असताना, मला बहिणीचं धानाचं पोतं आठवलं.

पंचांनी सांगितलं, तीन वाजेपर्यंत ज्याचं वजन आत येईल तो खेळेल. अध्यक्ष सगळ्यांना हात दाखवून म्हणाले, घाबरू नका, जेवून घ्या, मी पाहतो. पोरं आंब्याखाली पंगतीला बसली. ज्यांचं वजन जास्त भरलं होतं त्यांना वाढपीही जास्त वाढत होते, बिचारी उदास झाली म्हणून.

भाचा पंगतीत नव्हता. तो माझ्या सायकलपाशी उभा होता. पाहुण्यांना द्यायला मी दुकानातून चादरी आणल्या होत्या, त्यातल्या दोन त्याने सोडल्या आणि अंगाभोवती गुंडाळल्या.

"हे का करून राहिला?"

"पळतो."

"अध्यक्ष म्हणतेत ना का पाहतो म्हणून."

"अध्यक्ष इथं पाहतीन, मामा," तो म्हणाला. "राज्याले कोन पाहीन? तिथं काटा खरा असन."

वैनगंगेच्या पुलावरून तो पळाला. कारध्याकडून पलीकडच्या जिल्ह्याच्या शहराच्या टोकापर्यंत, तिथून परत, पुन्हा तिकडे. थंडीचे दिवस, पण दुपारचं ऊन पुलाच्या कठड्यावर तापलेलं. अंगावर दोन चादरी, माझ्याच मागावरच्या, जाड विणीच्या, गिऱ्हाइकाला मी सांगायचो की यातून वारा जात नाही. त्या दिवशी ते खरं ठरलं. मी सायकलवर मागे. खाली पाण्यात जाळं टाकून बसलेल्या एका ढिवराने वर पाहून विचारलं की काय चोरलं त्याने. मी ओरडून सांगितलं की खेळाडू आहे. त्याला ते पटलं नाही. मी भाच्याला मागून सूचना करत होतो, श्वास नाकाने घे, पाय टाचेवर टाकू नको, जणू मी आयुष्यभर पळत आलो होतो. दुसऱ्या फेरीनंतर शहराच्या टोकाला मी टपरीवर थांबून चहा घेतला आणि दोन भजी खाल्ली. माझं वजन कोणी विचारलं नव्हतं. तो पाण्याचा घोटही न घेता पुढे गेला. चौथ्या फेरीत त्याला घाम यायचा थांबला. ओठांवर पांढरी साय चढली होती. मी म्हटलं, पुरे. तो म्हणाला, अजून एक.

आम्ही मैदानावर परत आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. ओट्याजवळ ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॉलीतून उतरवलेला गोदामातला काटा, तोच, लोखंडी पाटाचा, मैदानाच्या मधोमध मांडलेला होता. काय झालं ते एकाने सांगितलं. प्रमुख पाहुणे निघाले होते, त्यांच्यासमोर दोन्ही संघ अर्धे रिकामे कसे दाखवायचे? अड्याळच्या मॅनेजरचंही तेच म्हणणं पडलं. अध्यक्षांनी पंचांना आग्रहाने जेवू घातलं आणि समजावलं की बाहेरगावचं यंत्र प्रवासात हललेलं असतं, आमचा काटा वर्षानुवर्षं जागचा हललेला नाही. पंचांचा कडकपणा रस्सा येईपर्यंत टिकला. तेवीस पोरं जेवून उठली, काट्यावर चढली आणि तेवीसच्या तेवीस पास झाली. यादीवर सह्या झाल्या. भाच्याचं नावही त्यात होतं, न मोजताच.

भाचा पंचांसमोर जाऊन उभा राहिला. ते खुर्चीत दात कोरत होते.

"साहेब, माह्यं वजन घ्या."

"झालं सगळ्यांचं. तुझं नाव आहे यादीत."

"त्या काट्यावर नाही जी. तुमच्या यंत्रावर घ्या."

त्यांनी कंटाळून पिशवीतून यंत्र काढलं. त्याने चादरी टाकल्या, बनियान काढलं आणि चढला. चोपन्न किलो नऊशे. बरोबर आहे, असं पंच म्हणाले आणि यंत्र पुन्हा पिशवीत गेलं. ते कुठेच लिहिलं गेलं नाही. दोन्ही संघांतल्या जास्तीच्या वजनवाल्यांत पंचावन्नच्या खाली प्रामाणिकपणे आलेला तो एकटा, आणि त्याचा पुरावा म्हणजे मी.

पुढचं लवकर सांगतो. पहिल्या चढाईत त्याने बोनस आणला. दुसऱ्या चढाईत हातात काही लागलं नाही. तिसऱ्या चढाईत परत येताना, मध्यरेषा हातभर उरली असताना, त्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो जागच्या जागी खाली बसला. अड्याळच्या पोरांना त्याला पकडावंही लागलं नाही. एकाने नुसता खांद्यावर हात ठेवला. नंतर तो बाकावर बसून राहिला, पाय माझ्या मांडीवर, आणि मी पोटरी चोळत होतो. भरपेट जेवलेली आमची बाकी पोरं तीन गुणांनी जिंकली. अध्यक्ष मैदानात येऊन नाचले.

निवड शाळेच्या एका खोलीत झाली. जिंकलेल्या मंडळाने निवड करायची हा रिवाज, म्हणून अध्यक्ष, पंच आणि मी. पोरं दारात आणि खिडक्यांत. नावं लिहीत लिहीत अध्यक्ष अकरापर्यंत आले आणि थांबले.

"भाच्याचं का करायचं?" ते मला म्हणाले. "आज तं तो उभाही राहून नाही राहिला."

एका ओळीचं काम होतं. यातले निम्मे पोट्टे वजनाच्या बाहेर आहेत, हा आत आहे, पंचांनी स्वतः मोजला आहे. पंच तिथेच बसले होते, त्यांना मान हलवावी लागली असती. पण ती ओळ बोलायची म्हणजे हंगामभरातल्या माझ्या सगळ्या चिठ्ठ्या, वडिलांच्या नावासकट आणि दोन ठिपक्यांसकट, खोट्या होत्या असं बोलायचं. आणि अध्यक्षांच्या काट्याबद्दल अध्यक्षांसमोर बोलायचं. भाचा दाराच्या चौकटीला धरून उभा होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. मला त्याच्याकडे पाहावं लागू नये म्हणून मी यादीकडे पाहत राहिलो.

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणालो.

बारावं नाव अड्याळच्या एका पोराचं पडलं. त्याचं सकाळचं वजन छप्पन भरलं होतं.

राज्याच्या स्पर्धेला मॅनेजर म्हणून मीच गेलो. तिथे मोठं मैदान, मांडव, आणि मांडवाच्या दाराशी टेबलावर वजनयंत्र. आमच्या बारांतले सहा जण त्या टेबलावरच थांबले. मी माझी वही पुढे केली. टेबलामागच्या माणसाने ती उघडलीसुद्धा नाही, म्हणाला, ही कशाला? सहाच पोरं मैदानात उतरली, सातवी जागा रिकामी. समोरच्या संघाला त्या रिकाम्या जागेतून ये-जा करता येत होती आणि त्यांनी केली. आमच्यावर किती लोण चढले ते मी मोजले नाहीत; मोजण्याच्या कामातून मी मनातल्या मनात राजीनामा दिला होता. संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत निघालो. ज्यांना खेळता आलं नाही ते सहा जण वाटेत सगळ्यांत जास्त जेवले.

घरी आलो तेव्हा भाचा ओट्यावर बसला होता. मी सांगितलं, काय झालं ते.

"किती जन उरले?" त्याने विचारलं.

"सहा."

त्याने मान हलवली आणि आत जाऊन मामीला पाणी भरू लागला. मला वाटलं होतं की बायको चड्डीची गोष्ट काढेल. ती काढत नाही, हे जास्त वाईट होतं.

मंडळाने मात्र सत्कार ठेवला. राज्यस्तरावर सहभाग, असं बॅनरवर लिहिलं. बाराही पोरांना शाल मिळाली, मलाही. अध्यक्ष म्हणाले की हार-जीत महत्त्वाची नाही, आपण तिथपर्यंत पोहोचलो. मी शाल घेतली. नको म्हणणारा माणूस मी असतो तर ही गोष्टच झाली नसती.

पुढच्या दिवाळीआधी नव्या हंगामाची बैठक झाली. भाचा दहावीत एका विषयात गचकला होता, म्हणून अजून माझ्याकडेच होता, आणि वरच्या गटात राखीव म्हणून त्याचं नाव होतं. सत्तर किलोवाल्यांत तो काडीसारखा दिसायचा. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे सगळी पदं जुन्याच लोकांना दिली आणि मॅनेजरपाशी येऊन माझ्याकडे बोट केलं. मी नम्रपणे खाली पाहिलं, म्हणजे हो म्हणायला मोकळा.

मागच्या रांगेतून भाचा उठला. मोठ्या माणसांच्या बैठकीत पोरांनी बोलायची पद्धत नव्हती.

"मॅनेजर कोनालेही करा जी," तो म्हणाला. "मामा नको."

खोलीत कोणी काहून म्हणून विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मला वाटलं, आणि विचारलं नाही म्हणून बरंही वाटलं. अध्यक्षांनी जरा विचार केला आणि मला सल्लागार समितीत टाकलं. ती समिती कधी बसली नाही, त्यामुळे मी अजूनही तिच्यावर आहे.

परत येताना सायकल तो हाकत होता, मी मागे. तो रागावलेला नव्हता, नेहमीसारखाच खड्डे चुकवत होता, बाजाराच्या वळणावर मला नीट धरून बसायला सांगत होता. घर जवळ आल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, लोकांसमोर तू असं म्हणाला, मला आधी घरी सांगितलं असतं तर मी स्वतःच नाव मागे घेतलं असतं.

त्याने पायडल मारायचं थांबवलं नाही. "नसतं घेतलं, मामा," तो म्हणाला. "तुम्ही गप राहता."

घर आलं तसा मी उतरलो आणि मागच्या चाकाची हवा दाबून पाहू लागलो.